विश्लेषण : ‘अलाइन’, ‘सिनर्जी’, ‘बँडविड्थ’… कार्यालयीन बोलीचा भार कोणावर?

‘क्वार्टरचे टार्गेट बघता सगळ्यांनी अलाइन होऊन लो हँगिंग फ्रूट आधी कव्हर करा, बाकीचे पॉइंट ऑफलाइन घेऊ.’ हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत हे वाक्य ऐकू आले तर कोणाला नवल वाटत नाही. आता मात्र ही बोली हिंगोली, वसमत आणि कळमनुरीतही पोहोचली आहे. बँकांच्या शाखा, मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या सकाळच्या बैठका, शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या सभा, सगळीकडे ती चालते. ऐकणाऱ्याची चिडचिड होते, पण प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. कर्ज, नोकरी आणि मालाचा पैसा यांचे व्यवहार या बोलीत होऊ लागले आहेत आणि ज्याचे पैसे अडकलेले असतात, अनेकदा त्यालाच ती कळत नाही.

धंद्याची भाषा आणि ही बोली यांत फरक काय?

प्रत्येक धंद्याचे स्वतःचे शब्द असतात आणि ते असायलाच हवेत. हिंगोली जिल्हा हळदीचा. हळद काढल्यावर शेतकरी मातृकंदाला जेठा गड्डा म्हणतो, त्याच्या बाजूला फुटलेल्याला बगल गड्डा. जुनी, पोसवून संपलेली बेण्याची गाठ म्हणजे सोरा गड्डा, आणि शिजवून, वाळवून, ढोलात फिरवून चकाकी आणलेले ते हळकुंड. बाहेरच्या माणसाला हे शब्द कळणार नाहीत. पण प्रत्येक शब्दामागे हातात धरता येईल अशी वस्तू आहे आणि प्रत्येकाला बाजारात वेगळा भाव आहे. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात बीट सुरू झाल्यावर व्यापारी आणि शेतकरी एका शब्दाचे दोन अर्थ लावत बसत नाहीत. आडत, तोलाई, हमाली यांचेही तसेच. पट्टीवर त्यांच्यापुढे आकडा लिहिलेला असतो.

डॉक्टर, वायरमन, तलाठी यांचे शब्दही असेच नेमके असतात. त्यामुळे ‘अवघड शब्द नकोत’ ही तक्रार अर्धवट आहे. त्रास देणारी बोली ओळखण्याची खूण वेगळी आहे. शब्द काढून घेतला तर वाक्यातून काय कमी होते, ते पाहावे. ‘सोरा गड्डा’ काढला तर भाव बदलतो. ‘आपण सिनर्जी लिव्हरेज करू’ यातली सिनर्जी काढली तर काहीच बदलत नाही, कारण तिथे मुळात काही ठेवलेलेच नव्हते. अमेरिकी तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या आणि २००५ मध्ये पुस्तकरूपाने निघालेल्या एका निबंधात अशा बोलण्याची चिकित्सा केली होती. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते आणि ते लपवायचे असते. पोकळ बोलणाऱ्याला मात्र खऱ्याखोट्याशी देणेघेणेच नसते, असा त्यांचा मुद्दा होता.

यातले बरेच शब्द मुळात चांगल्या घरचे आहेत. ‘बँडविड्थ’ दूरसंचार अभियंत्यांचा. ‘टार्गेट’, ‘स्ट्रॅटेजी’, ‘कॅम्पेन’ लष्करातले. ‘टच बेस’ बेसबॉलच्या मैदानावरचा. ‘सिनर्जी’ हा शब्द व्यवस्थापनशास्त्रात रुजवण्यात इगॉर ॲन्सॉफ यांच्या १९६५ च्या पुस्तकाचा वाटा मोठा. जन्मस्थानी त्या प्रत्येकाला अर्थ होता. कार्यालयात येईपर्यंत अर्थ झिजला आणि रुबाब तेवढा उरला.

हिंगोलीत ही बोली आली कोठून?

परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी झालेल्या या जिल्ह्यात मोठे कारखाने नाहीत, आयटी पार्क नाही. सोयाबीन, कापूस आणि हळद यांवर गाडा चालतो. तरीही ही बोली आली, कारण ती इमारतींबरोबर नाही, तर पैशांबरोबर येते. एक वाट कर्जाची. खासगी बँका आणि मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या शाखा तालुक्याच्या गावी उघडल्या आणि मुख्यालयातला शब्दसंग्रह ॲपमधून थेट मोटारसायकलवरच्या वसुली अधिकाऱ्यापर्यंत आला. दुसरी वाट प्रकल्पांची. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प किंवा ‘स्मार्ट’ यांसारखे जागतिक बँकेच्या साहाय्याचे प्रकल्प आले, तसे डीपीआर, क्लस्टर, व्हॅल्यू चेन, मार्केट लिंकेज हे शब्द गावातल्या बैठकीत आले. तिसरी वाट घरातलीच म्हणावी लागेल. पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरीला असलेला मुलगा दिवाळीत घरी येतो आणि ‘उद्या माझा कॉल आहे, बँडविड्थ नाही’ म्हणतो. आईला कळते ते एवढेच, की पोराला सुट्टी नाही.

यातली पहिली वाट सर्वांत महत्त्वाची, कारण तिथे बोलीला व्याज लागते.

कर्जाच्या बैठकीत नेमके काय घडते?

एखाद्या शाखेतली सकाळची बैठक घ्या. तिला ‘हडल’ म्हणतात. थकलेल्या कर्जांची विभागणी ‘बकेट’मध्ये झालेली असते. तीस दिवसांपर्यंत हप्ता थकला की एक बकेट, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी. नव्वद दिवसांपलीकडे गेले की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक. इथवर ही धंद्याचीच भाषा आहे आणि तिला अर्थ आहे. गडबड पुढे होते. ‘त्या गावात औंदा सोयाबीन पाण्यात गेले, दोन महिने हप्ता येणार नाही,’ असे सरळ सांगणारा पोरगा कच्चा ठरतो. तेच ‘डेलिंक्वन्सीचा ट्रेंड दिसतोय, मिटिगेशन प्लॅन शेअर करतो’ असे म्हणणारा तयार ठरतो. पहिल्या वाक्यात बातमी होती. दुसऱ्यात गाव नाही, पीक नाही, पाऊस नाही. वर बसलेल्याला निर्णय घ्यायला ज्याची गरज होती, नेमके तेवढेच गाळले गेले. हिंगोली किंवा सेनगावच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेला हा तरुण पहिल्या सहा महिन्यांत काय शिकतो, तर माहिती कशी द्यायची नाही हे.

टेबलाच्या पलीकडे महिलांचा गट असतो. त्याला कंपनीच्या कागदावर ‘जेएलजी’ म्हणतात. तीन अक्षरांचा अर्थ सांगायला एक वाक्य पुरते : एकीने हप्ता भरला नाही तर उरलेल्यांनी तो भरायचा. हे वाक्य सही घेण्याआधी ज्या स्वच्छपणे सांगायला हवे, तसे ते किती ठिकाणी सांगितले जाते?

दुसरा शब्द ‘फ्लॅट रेट’. ऐकायला सपाट, निरुपद्रवी. समजा, ५० हजार रुपये वर्षभरासाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले. व्याज सहा हजार झाले आणि महिन्याचा हप्ता सुमारे ४ हजार ६६७ रुपये. कर्जदार समजते, व्याज शेकडा बारा. पण दर महिन्याला मुद्दल परत जात असते. सहा महिन्यांनंतर हातात निम्मेच मुद्दल उरते, तरी व्याज मोजले जाते ते पूर्ण ५० हजारांवर. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर सुमारे साडेएकवीस टक्के भरतो. त्यात एक हजार रुपये प्रोसेसिंग फी आणि पाचशे रुपये विम्याचे आधीच कापून घेतले तर हातात पडतात ४८ हजार ५००, आणि खरा दर २७ टक्क्यांच्या पुढे जातो. कोणी खोटे बोललेले नाही. फक्त ‘फ्लॅट’ हा शब्द उलगडून सांगितला नाही.

रिझर्व्ह बँकेला हे ठाऊक आहे. मार्च २०२२ मध्ये आलेल्या मायक्रोफायनान्स निर्देशांनुसार वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज या वर्गात येते आणि सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नयेत. त्यापुढचे पाऊल १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ म्हणजे मुख्य माहितीचा तक्ता देणे बंधनकारक झाले. त्यात सगळे शुल्क धरून निघणारा वार्षिक दर एका आकड्यात लिहायचा असतो. तक्ता कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवा, तो समजावून सांगायला हवा आणि समजल्याची पोच घ्यायला हवी. हिंगोलीत कर्जदाराला समजणारी भाषा म्हणजे मराठी, काही घरांत उर्दू, हिंदी किंवा बंजारा बोली. मराठीत छापले म्हणजे समजले, असेही नाही. ‘वार्षिक टक्केवारी दर’ ही अक्षरे मराठी आहेत एवढेच. ‘सगळे खर्च धरून वर्षाला शंभरामागे किती रुपये’ असे लिहिले तर ते कोणालाही कळेल.

नोकरी जाते तेव्हा भाषा कोणती असते?

वाईट बातमी आली की ही बोली सर्वांत जोरात चालते. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या उपकरण विभागाचे प्रमुख स्टीफन एलोप यांनी कर्मचाऱ्यांना एक लांबलचक पत्र लिहिले. धोरण, उत्पादने, भविष्य असे दहा परिच्छेद उलटल्यानंतर साडेबारा हजार लोकांच्या नोकऱ्या जाणार असल्याचे त्यात उगवले. ते पत्र आजही जगभर नमुना म्हणून दाखवले जाते. भारतात जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे ठरवले. त्या निवेदनातही भर होता तो भविष्यासाठी सज्ज संस्थेच्या वाटचालीवर, आणि माणसे ‘रिलीज’ होणार होती. मराठवाड्यात पाणी सोडतात ते धरणातून आणि गुरे सोडतात ती गोठ्यातून. नोकरीवरून माणूस ‘सोडला’ जातो, हा प्रयोग नवा आहे.

मराठवाड्यातल्या घरांना ही भाषा दुरून ऐकायची चैन नाही. शेत विकून किंवा शैक्षणिक कर्ज काढून शिकवलेला मुलगा ‘बेंच’वर आहे म्हणजे काय, हे बापाला कळायला हवे. बेंच म्हणजे पगार सुरू, काम नाही आणि वेळ मोजली जात आहे. ‘पीआयपी’ म्हणजे कामगिरी सुधारण्याची योजना, आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा दाराकडे बोट. ‘राइटसायझिंग’ म्हणजे कपात. मुलालाही ते सांगायला जड जाते. त्याच्याकडे घरच्या भाषेत त्यासाठी शब्द आहेत, पण कार्यालयाने दिलेल्या शब्दांमागे लपणे त्यालाही सोपे वाटते.

या बोलीचा हिशेब मांडण्याचा एक प्रसंग अमेरिकेत घडला. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीने चार्ल्स क्रोन या सल्लागाराच्या विचारांवर बेतलेले प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना सक्तीचे केले. त्यातली भाषा इतकी अगम्य होती की कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या. राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाने त्याची दखल घेतली, कारण खर्च शेवटी टेलिफोन ग्राहकांच्या बिलात जाणार होता. पोकळ शब्दांचेही बिल येते आणि ते कोणीतरी भरतो, हे तेव्हा कागदावर आले.

न कळणाऱ्या भाषेशी हिंगोलीचा जुना संबंध कसा?

हिंगोलीने न कळणारी भाषा वेगवेगळ्या रूपांत पाहिली आहे. इथे निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. ठगांच्या बंदोबस्ताच्या काळात हे ठिकाण इंग्रजांच्या कागदपत्रांत वारंवार येते. फिलिप मेडोज टेलर यांनी १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोली छावणीतल्या हरिसिंग नावाच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. टेलर यांचेही त्याच्याशी व्यवहार झाले होते. या गृहस्थाने मुंबईहून कापड आणायचे म्हणून अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला, वाटेत खऱ्या मालकाला आणि त्याच्या माणसांना मारले आणि त्याच परवान्यावर तो माल छावणीत उघड विकला. त्याआधी १८३६ मध्ये विल्यम स्लीमन यांनी ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश ‘रामसीआना’ या नावाने छापला होता. फास आवळण्याची खूण म्हणून ‘तमाखू आण’ अशा अर्थाचे साधे वाक्य वापरले जाई, असे त्या काळच्या नोंदी सांगतात. इंग्रजांनी रंगवलेले ठगांचे चित्र किती खरे, यावर इतिहासकारांत वाद आहे. वरिष्ठांच्या ‘जरा केबिनमध्ये या, फीडबॅक द्यायचा आहे’ या वाक्याशी त्या तमाखूची तुलना करणे अन्यायाचे होईल. तरी ज्यांना त्या केबिनमधून सामान घेऊन बाहेर पडावे लागले, त्यांना ती सुचू शकते.

बाजारातही अशी भाषा होती. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची करपल्लवी अनेक मोंढ्यांत चाले. दोन दलालांमध्ये सौदा होई आणि मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला आकडा कळत नसे. नियंत्रित बाजार समित्यांचा कायदा आला आणि उघड लिलावाचा आग्रह धरला गेला, त्यामागे हीच तक्रार होती.

आणि कार्यालय? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी दप्तराची भाषा उर्दू होती. मराठी बोलणारा शेतकरी आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेई. त्याची किंमत परवापर्यंत मोजली जात होती. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसे शोधावी लागली. पणजोबाच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे पणतूला दुभाष्याकडून ऐकावे लागले.

मराठी शब्द बसवले की प्रश्न सुटतो?

नाही. मराठीतही हे रोगाचे बीज आहे आणि ते जुने आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यामागचा राजकीय हेतू मोठा होता. तरी अर्ज, जमीन, कारकून हे शब्द लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये पदनामकोश निघाला. आचार्य अत्रे यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून झोडपले. अत्रे यांनी थोडी अतिशयोक्ती केली, कारण त्या कोशातून आलेली अनेक पदनामे आज सहज वापरात आहेत. पण त्यांच्या टीकेत तथ्य होते ते असे, की न कळणाऱ्या इंग्रजीच्या जागी न कळणारे संस्कृत बसवल्याने अर्जदाराची पायपीट कमी होत नाही.

आजचे उदाहरण बचत गटाचे. गावात सगळ्या बाया ‘बचत गट’ म्हणतात. कागद म्हणतो ‘स्वयंसहाय्यता समूह’. त्या गटांना मदत करणारी गावातलीच बाई कागदावर ‘समुदाय संसाधन व्यक्ती’ असते. हे नाव उच्चारण्यापेक्षा ‘सीआरपी ताई’ बरे, म्हणून तेच रूढ झाले. याच ‘उमेद’ अभियानात ‘बँक सखी’, ‘पशु सखी’, ‘कृषी सखी’ हीसुद्धा नावे आहेत. ही नावे ऐकताच कळते की कोणती बाई कोणत्या कामाला बोलवायची. एकाच खात्याच्या दप्तरात दोन्ही प्रकार नांदतात. त्यामुळे सरकारी भाषा अशीच असते, ही सबब टिकत नाही. ती ज्याने लिहिली त्याने लिहिताना कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवला, यावर ते ठरते.

इंग्रजी शब्दांवर सरसकट राग धरणेही चुकीचे. हप्ता फारसीतून आला, बँक आणि पासबुक इंग्रजीतून. तिन्ही गावातल्या म्हातारीला कळतात. शिवाय नव्याने नोकरीला लागलेल्या तरुणासाठी ही कार्यालयीन बोली म्हणजे आत घेतल्याची खूण असते. ती बोलता येत नाही म्हणून मुलाखतीत गप्प बसलेली कळमनुरी-औंढ्याची मुले काही कमी नाहीत. त्यांना ‘ही बोली फालतू आहे’ असे सांगून भागत नाही. ती शिकावी लागेल आणि तिच्यात कोणता शब्द भरीव, कोणता पोकळ, हेही शिकावे लागेल.

कायदा काही करू शकतो का?

थोडेफार. अमेरिकेत २०१० मध्ये सरकारी कागद साध्या भाषेत लिहिण्याचा कायदा झाला, न्यूझीलंडने २०२२ मध्ये तसाच कायदा केला. महाराष्ट्रात १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, २०२४ मध्ये मराठी भाषा धोरण आले. या साऱ्याचा भर मराठी वापरण्यावर आहे, कळेल अशी वापरण्यावर तितका नाही. खासगी कंपनीच्या बैठकीत काय बोलावे, हे तर कोणताही कायदा ठरवू शकणार नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे मात्र वेगळे आहे, कारण तिथे ऐकणारा हाच मालक आहे. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आलेल्या या प्रकारात सभासदाचे काही नेमके हक्क आहेत. ‘विथहेल्ड प्राइस’ म्हणजे सभासदाने दिलेल्या मालाच्या किमतीतला मागाहून द्यायचा म्हणून राखून ठेवलेला भाग. ‘पेट्रनेज बोनस’ म्हणजे वर्षअखेरीच्या शिलकीतून, ज्याने कंपनीशी जितका व्यवहार केला त्या प्रमाणात मिळणारी रक्कम. हे दोन्ही शब्द अवघड आहेत, पण पोकळ नाहीत. त्यांच्यामागे हळदीचे रुपये आहेत. आणि सभांतून मोठ्याने ऐकू येतात ते व्हॅल्यू ॲडिशन, इकोसिस्टिम, हँडहोल्डिंग. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यावरची भाषणेही याच शब्दांत झाली तर भाव कोणाला आणि किती वाढून मिळणार, हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

अशा कंपनीच्या सर्वसाधारण सभेची लेखी नोटीस किमान १४ दिवस आधी सभासदांकडे जावी लागते, सोबत विषयपत्रिका आणि लेखापरीक्षित ताळेबंद. आर्थिक वर्ष मार्चला संपते, त्यामुळे बहुतेक नोटिसा ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात. ‘आपल्या मालाचे राखून ठेवलेले पैसे : इतके. वाटायची शिलक : इतकी. आपला वाटा : इतका’ अशा तीन ओळींचे मराठी पान त्या नोटिशीला जोडण्यास कायद्याची आडकाठी नाही.